हवालदार साहेबांची आसमानी ट्रंक

ट्रंक निळी होती. चांगली झळझळीत आसमानी.

ओसरीत मधोमध चटई, चटईवर ट्रंक आणि ट्रंकेवर झेंडूचा हार. बाजूला हवालदार साहेब, इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे. दारात त्यांची सून कुंदा, हातात पाण्याचा तांब्या, आणि चेहऱ्यावर 'कशी दिसते, सांगा बरं' असा आनंद. आणि मी, नागपूरहून गाडीत हाडं खिळखिळी करून नवेगाव बांधाजवळच्या त्या गावात पोचलेली, बॅग खांद्यावरच ठेवून बघत राहिले.

"हीच का ती ट्रंक?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, पण दुसरं काही सुचेना.

"हीच जी," कुंदा म्हणाली. "परवा रंगवली. दोन हात मारले. पह्यल्या हातात रंग धरतच नव्हता. म्हटलं, दिल्लीच्या म्युझियममधून मानसं येऊन राहिली, तं अशी काळी-मळकी वस्तू कशी द्याची? घरची इज्जत आहे ना."

मी बॅग खाली ठेवली.

मी कॉन्झर्व्हेटर आहे. सैन्याच्या इतिहासाचं आणि जवानांच्या सेवेचं जे राष्ट्रीय म्युझियम आहे, तिथे नोकरी करते. कॉन्झर्व्हेटर म्हणजे जुनी वस्तू जशी आहे तशी टिकवणारा माणूस. नवी करून देणारा नव्हे. डाग, पोचे, ओरखडे, सगळं आम्हाला हवं असतं. नातेवाइकांना हे समजावताना माझं निम्मं आयुष्य गेलं. आईसुद्धा म्हणायची, "तू नोकरी करतेस की भंगार जमवतेस?"

आमच्या डायरेक्टर साहेबांच्या डोक्यातून एक नवी गॅलरी निघाली होती. ते स्वतः फौजेतून रिटायर झालेले. "तलवारी आणि सेनापती पुष्कळ झाले," ते म्हणाले, "आता साध्या जवानाची ट्रंक दाखवू." भरतीच्या दिवसापासून पेन्शनपर्यंत जवानाचं सगळं घर त्या लोखंडी पेटीत असतं. प्रत्येक भागातून एक ट्रंक आणायची ठरली. पूर्व विदर्भातून आमच्याकडे एक बटणसुद्धा नव्हतं. मी विदर्भाची, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं.

हवालदार गोविंदा कापगते, तोफखान्यातले. त्यांच्या मुलाने, रमेशने, भिलाईहून मला मोबाईलवर ट्रंकेचा जुना फोटो पाठवला होता. काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत नंबर, रँक, नाव आणि खाली गावाच्या जागी जवळचं मोठं स्टेशन, गोंदिया. नावाखाली नखाएवढं एक फूल. अक्षरं तर अशी सुरेख की मी तो फोटो तीनदा मोठा करून पाहिला. आमच्या समितीने त्या फोटोवरच होकार दिला. कारण झाकणावरचा नंबर त्यांच्या सर्व्हिसच्या कागदांशी जुळत होता. याला आमच्या धंद्यात प्रोव्हेनन्स म्हणतात, म्हणजे वस्तूची वंशावळ. नाव-नंबर दिसत असेल तर ती हवालदार कापगत्यांची ट्रंक. नसेल, तर भंगारवाल्याकडची कोणतीही पेटी.

आणि आता त्या नाव-नंबरावर आसमानी ऑइल पेंटचे दोन हात.

चूक कुंदाची नव्हती. माझी होती. मी हवालदार साहेबांना दोनदा फोन केला होता. डिस्चार्ज बुक काढून ठेवा म्हटलं, फोटो शोधा म्हटलं, गाडी कुठवर येते ते विचारलं. पण 'ट्रंकेला हात लावू नका' हे एक वाक्य बोलले नाही. तीस वर्षांची नोकरी, आणि इतकी साधी गोष्ट! स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली. वास्तविक मला हे ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे लेक सासरी जाताना तिच्यासोबतची पेटी कोणी जुनीच पाठवत नाही. घराबाहेर जाणारी वस्तू सजूनच जाते.

"छान झाली," असं मी म्हणून गेले, आणि चहा घेतला.

मग अंगणात जाऊन डायरेक्टर साहेबांना फोन लावला.

"सर, ट्रंक निळी आहे."

"ब्लू? एअर फोर्सवाले की उठा लायी क्या?"

"नाही सर, आपलीच आहे. रंगवलीय. घरच्यांनी. प्रेमाने."

 साहेब म्हणाले, "शुक्रवारी समिती बसतेय. शुक्रवारी सकाळी मला अक्षरांचा फोटो हवा. नाही तर ही जागा दुसऱ्या ट्रंकेला देतो. आणि मॅडम, तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं का?"

"सर, रेंज जातेय," मी म्हटलं. रेंज उत्तम होती.

सोमवारची दुपार होती ती. आत आले आणि दोघांना समोर बसवून खरं काय ते सांगून टाकलं. अक्षरं दिसली नाहीत तर म्युझियम ट्रंक घेणार नाही.

कुंदाचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! मी तं चांगल्यासाठी केलं जी."

 हवालदार साहेब उठले, ट्रंकेवरचा हार काढून खुंटीला लावला आणि झाकणावर जिथे नाव होतं तिथे तळवा ठेवून उभे राहिले. परवा रंग लागला तेव्हा ते पेन्शनच्या कामाला गोंदियाला गेले होते. परत आले तेव्हा ट्रंक निळी झालेली. त्यांनी कुंदाला एक शब्दही विचारला नव्हता.

"मामाजी, बोला ना काई," कुंदा म्हणाली. आमच्या विदर्भात सासऱ्याला मामाजी म्हणतात. "शिव्या द्या, पर बोला."

तेव्हा त्यांनी सांगितलं. ती अक्षरं त्यांच्या हातची नव्हती. त्यांच्या तुकडीत पलनी नावाचा एक तमिळ जवान होता. चित्रं काढायचा. ब्रश नव्हता, तर काडेपेटीच्या काडीला चिंधी गुंडाळून त्याने बराकीतल्या सगळ्यांच्या ट्रंका लिहून दिल्या. "मले म्हने, तुमची गावाकडची जिलेबी खिलाव, मंग फूल बी काढून देतो," हवालदार साहेब म्हणाले. "सुटीवरून जाताना जिलेबी नेली. तथी पोचेपर्यंत पार चामडं झाली होती. तरी खाल्ली बेट्यानं अन् फूल काढून देलं." मग म्हणाले, "एकाहत्तरच्या लढाईत गेला तो. त्याचा फोटो नाही माझ्यापाशी. पत्ता बी नाही. हे लिहलेलं तेवढं होतं."

कुंदा रडायलाच लागली. "मामाजी, वीस वर्सं झाली मले या घरात. कधी काऊन नाही सांगतलं?"

"कोनं विचारलं?" ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.  मला कामाशिवाय दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी बॅग उघडली.

आता रंग कसा काढतात ते सांगते. ऑइल पेंट वरून लवकर वाळतो, पण आतून कडक व्हायला बरेच दिवस घेतो. थंडीत तर आणखी. झाकणाच्या कोपऱ्यावर मी अंगठा दाबला तर बारीक ठसा उमटला. म्हणजे वरचा निळा रंग अजून कच्चा आणि खालचा पांढरा पन्नास वर्षांचा पक्का. योग्य औषध सापडलं, तर कच्चा विरघळेल आणि पक्का राहील. या औषधाला आम्ही सॉल्व्हंट म्हणतो. पण जसजसे दिवस जातील तसतसा निळाही पक्का होत जाणार. मग दोघांना वेगळं करणं कठीण.

तोवर अर्धं गाव ओसरीत जमलं होतं. एक म्हणाला पेट्रोल टाका. दुसरा म्हणाला काचकागद मारा, दोन मिनिटांत साफ. तिसऱ्याने, तो वेल्डिंगवाला होता, गॅसची बत्ती आणून देण्याची तयारी दाखवली. मी भडकले. "हातसुद्धा लावाल तर खबरदार," म्हटलं. त्यानंतर सगळे चार हात लांब बसून शांतपणे सल्ले देऊ लागले.

आधी टेस्ट करायची असते. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, तो सॉल्व्हंटमध्ये बुडवायचा आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच फिरवायचा. मी सगळ्यात सौम्य, म्हणजे टर्पेंटाइनने सुरुवात केली. दोन वेळा कापूस फिरवला आणि निळा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला. खालून काळी ट्रंक. जशीच्या तशी, वर चकाकणारी!

मी चक्रावले. एवढ्या सहज रंग सुटत नसतो. कापूस नाकाशी नेला. ओळखीचा वास.

"हवालदार साहेब, तुम्ही या ट्रंकेला काही लावत होतात का?"

"पॉलिश," ते म्हणाले. "बुटाचं. काळं. दर इतवारी."

"रिटायर झाल्यावरही?"

"रिटायर झाल्यावर इतवार बंद होतात का मॅडम?"

बुटांच्या पॉलिशमध्ये मेण असतं. इतक्या वर्षांच्या रविवारांचं मेण ट्रंकेवर बसलं होतं. म्हणून कुंदाचा पहिला हात धरत नव्हता, आणि म्हणूनच तो आता सुटत होता. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. म्हटलं, उद्या जेवणापर्यंत काम फत्ते.

फार लवकर बोलले मी.

मंगळवारी दुपारी झाकण सगळं काळं झालं, फक्त अक्षरं सोडून. अक्षरांवरचा निळा रंग ढिम्म हलेना. काळ्या झाकणावर आसमानी नंबर, आसमानी रँक, आसमानी नाव, आसमानी फूल. मी भिंग लावून पाहिलं, आणि मग हवालदार साहेबांकडे पाहिलं.

"पॉलिश करताना अक्षरांवर नव्हतात ना लावत?"

"छे! पलनीच्या अक्षरावर काळं कायले लावीन? बोटाले फडकं गुंडाळून, कडंकडंनं लावो. एक बी अक्षर काळं होऊ देलं नाही."

घ्या! फौजी शिस्त. सगळी ट्रंक मेणाने वाचली आणि जे वाचायला हवं होतं तेवढंच उघडं राहिलं. तिथे निळा रंग थेट पांढऱ्याला बिलगून बसला होता.

कुंदा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "पर मॅडम, हे तं अजून साजरं दिसून राहिलं जी!"

खरंच साजरं दिसत होतं. मीही हसले. मोह होऊन मी त्याचा फोटो साहेबांना पाठवला. लगेच फोन आला. "नाव वाचता येतंय, मान्य. पण मला पलनीचं पांढरं पाहिजे, मॅडम. पेंट की दुकान का नहीं."

पलनीची गोष्ट मीच त्यांना रात्री सांगून बसले होते. बोलायची सवय वाईट.

आता काम किचकट झालं. टर्पेंटाइनपेक्षा तेज सॉल्व्हंट घ्यायचं, कापसाने एका वेळी तिळाएवढी जागा ओली करायची, निळा मऊ झाला की लगेच कोरड्या कापसाने टिपायचा. क्षणभर उशीर झाला तर खालचा पांढराही मऊ. प्रत्येक वेळी नवा कापूस, कारण वापरलेला कापूस निळा पसरवतो. म्हणजे शेकड्यांनी काड्या लागणार. मी एक काडी वळायची, एकदा पुसायची, फेकायची, पुन्हा वळायची. संध्याकाळपर्यंत नंबरातले दोन आकडे निघाले. या गतीने समिती पुढच्या वर्षीच्या शुक्रवारी बसवावी लागली असती.

कुंदा बाजूला बसून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. पर तुमी हे असं काऊन गुंडाळून राहिल्या?"

"मग कसं गुंडाळतात?" मी जरा घुश्शातच विचारलं. मी परदेशात जाऊन ट्रेनिंग घेऊन आलेली बाई आहे.

तिने माझ्या हातातून काडी घेतली. अंगठा आणि पहिल्या बोटात कापूस धरला, काडी एकदाच फिरवली, टोकाला चिमटा. झाली. घट्ट, सारखी, टोकाला निमुळती. मी हातात घेऊन ओढून पाहिली, कापूस सुटेना. तोवर तिच्या पुढच्या चार तयार झाल्या होत्या. ती काड्यांकडे बघतसुद्धा नव्हती.

"कुठे शिकलीस गं?"

"लहानपनापासून विड्या वळल्या जी. मायसंगं. दिवसाला हजार वळो. ह्या काय, ह्याच्यात तं तंबाखू बी नाही भराचा."

तिने मांडीवर सूप घेतलं आणि कामाला लागली. बुधवारी सकाळपर्यंत सूप भरलं होतं. मग मी पुसायला आणि ती वळायला, असं चालू झालं. दुपारी माझे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मी तिला पुसायला बसवलं. नियमात बसत नाही हे. पण तो हात पाहून मला नियम आठवेना. आधी एका निळ्या कोपऱ्यावर पंधरा-वीस वेळा करून घेतलं, मग ती अक्षरावर गेली. श्वास रोखून, जिभेचं टोक ओठांत धरून. निळा उठला आणि खालून पांढरा आला.

"मामाजी!" ती ओरडली. "आला जी! तुमच्या दोस्ताचा रंग आला!"

हवालदार साहेब तीन दिवस खाटेवर बसून पहारा दिल्यासारखे बघत होते. ते उठले, जवळ आले आणि भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवली का तू सकाळपासून?"

नव्हती जेवली. मीही नव्हते. मग शेजारणीने बांधातले, म्हणजे तिथल्या तलावातले, मासे आणि भात आणून दिला. मी मासे खात नाही हे ऐकून ओसरीतल्या सगळ्यांना रंगापेक्षा जास्त वाईट वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी नंबर, रँक, नाव, फूल सगळं पांढरं झालं. गोंदियातली पाच अक्षरंही. राहिलं शेवटचं, 'ए'. तिथे झाकण कधीतरी रेल्वेच्या दाराला आपटलं होतं. कापूस लावला मात्र, निळ्याबरोबर पांढऱ्याची बारीक खपली उचलली गेली. मी तिथेच थांबले. या धंद्यात काढता येणं ही कला आहे, पण थांबता येणं ही नोकरी. आणखी एक काडी फिरवली असती तर पलनीचं ते अक्षर गेलं असतं.

"हे नाही निघणार," मी म्हटलं. "पांढरा आत आहे, सुखरूप आहे. पण वरचा निळा राहील."

कुंदाचा चेहरा पुन्हा पडला. "एकच राहिलं. माह्या हातानं झालं."

हवालदार साहेबांनी त्या निळ्या अक्षराकडे पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले. "आत पलनीचा हात, वर माह्या सुनेचा. दोघं बी घरचेच. राहू द्या मॅडम."

कुंदाने पदर तोंडाला लावला. मी सॉल्व्हंटच्या बाटल्यांची झाकणं लावत बसले, गरज नसताना दोन-दोनदा. डोळे चुरचुरत होते, आणि दोष सॉल्व्हंटला देता येत होता.

शुक्रवारी सकाळी फोटो गेला. समितीने ट्रंक घेतली. एका सदस्याने शेवटचं अक्षर निळं का, असं विचारलं, तर साहेब म्हणे खेकसले, "वो ओरिजिनल है!" हे मला नंतर कळलं.

निघण्याआधी कंडिशन रिपोर्ट लिहावा लागतो. वस्तूची तब्येत, म्हणजे काय बिघडलं, कशाने बिघडलं, काय उपचार केला, कोणी केला. मी लिहीत असताना हवालदार साहेब समोर येऊन बसले.

"काय लिहलं, वाचा."

मी वाचलं. नुकसान, मूळ अक्षरांवर नवा रंग. कोणाकडून, सौ. कुंदा रमेश कापगते.

"तिचं नाव कायले टाकता?"

"नियम आहे, हवालदार साहेब. खोटं लिहिता येत नाही."

नियम म्हटल्यावर फौजी माणूस गप्प बसतो. त्यांनी मान हलवली. मग रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "नियम आहे नं? तं मंग खालच्या खान्यात बी नियमानं लिहा. खोटं नका लिहू."

खालचा रकाना उपचार कोणी केला याचा. तिथे मी सवयीने फक्त माझं नाव घातलं होतं. मी ते खोडलं. आधी कुंदाचं लिहिलं, मग माझं.

आमच्या म्युझियममध्ये नुकसान आणि उपचार दोन्हींपुढे एकाच माणसाचं नाव असलेला दुसरा रिपोर्ट नाही. ऑडिटवाल्यांनी मला दोनदा विचारलं, ही क्लेरिकल मिस्टेक आहे का. दोन्ही वेळा नाही म्हणून लेखी दिलं.

तेव्हापासून मी एक नियम स्वतःपुरता केला आहे. कोणाच्या घरी वस्तू आणायला जायचं ठरलं की फोनवर मालकाशी दोन मिनिटं बोलते. मग म्हणते, आता घरात रंगरंगोटी कोण करतं, त्यांना फोन द्या.